तीन सेलची बॅटरी

पार्सल फोडलं तेव्हा आईनं चष्मा पुसून पाहिलं. "येवढे पैसे घालून बॅटरी आणलास? आणि काच कुठाय हिची?"

तसं आईचं फार चुकलं नव्हतं. आत तीन मोठे सेल बसतातच. पण ही अमेरिकेतल्या ग्राफ्लेक्स कंपनीच्या प्रेस कॅमेऱ्याची जुनी फ्लॅशदांडी. 1977 साली आलेल्या 'स्टार वॉर्स'साठी रॉजर ख्रिश्चन या सेट डेकोरेटरला लंडनच्या एका कॅमेऱ्याच्या दुकानात अशा दांड्या सापडल्या. त्यानं वर रबरी पट्ट्या आणि कॅल्क्युलेटरमधली भिंगांची पट्टी चिकटवली, झाली सिनेमाच्या नायकाची, ल्यूकची, प्रकाश-तलवार! म्हणजे मूळ चीजच अडगळीतली जोडाजोड. पण तेव्हापासून आमच्यासारख्या खुळ्यांनी फ्लॅश शोधशोधून संपवले आणि दांडीला सेकंडहँड स्कूटरचा भाव आला.

आता पट्ट्या पक्क्या बसवायच्या तर रिव्हेट हवेत, रिव्हेटला भोकं हवीत. ओरिजिनलवर ड्रिल लावायला हात धजेना. (लग्नात मिळालेला डिनर सेट आमच्याकडं याच कारणानं तेवीस वर्षं कपाटात आहे.) म्हणून दोन नकला करून घ्यायच्या ठरवून बेळगावातलं कारखान्यांचं उद्यमबाग गाठलं. जिथं हायड्रॉलिकचे भाग मायक्रॉनात घासतात, तिथं एक नळी ती काय!

टर्नरनं दांडी फिरवून पाहिली. "आगतैती, होतंय की, सर. सँपल ठेवून जावा. सोमवारी या."

चार सोमवार गेले. पाचव्या सोमवारी त्यानं वर्तमानपत्राची सुरळी सोडली. तीन दांड्या. तिन्ही आरशासारख्या चकचकीत. ज्या काळपट डागांसाठी मी जादा डॉलर मोजले होते, ते गायब.

"सँपल लई काळं पडलं होतं, तेबी बफिंग करून सोडलंय. त्याचे पैसे नकोत."

मी घाईनं बूड बघितलं. तिन्हींवर अक्षरांचे पंच मारून कंपनीचं नाव, तिच्या रॉचेस्टर गावासकट. एवढ्यात खालचा पोचा आठवला, ओरिजिनलची ती एकच खूण. पोचाही तिन्हींना होता, त्याच जागी.

"पोचा कशाला मारलात?"

"सँपलमध्ये होता की."

"अहो, मग यातली माझी कुठली?"

त्यानं माझ्याकडं जरा काळजीनंच पाहिलं. "तिन्ही तुमच्याच की, सर!"