बीजभाषण केलं की अध्यक्षपद मिळतं?

अमेरिकेत निवडणुकीचं वर्ष आलं की मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांमध्ये एक मजकूर हमखास फिरू लागतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, सांगणं तेच असतं. २००४ साली बोस्टनला डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात बराक ओबामा नावाच्या, फारसं कुणाला माहीत नसलेल्या माणसाला बीजभाषणासाठी, म्हणजे अधिवेशनाच्या मुख्य भाषणासाठी, उभं केलं आणि चार वर्षांनी तो देशाचा अध्यक्ष झाला. म्हणजे तिथले पक्ष आपला पुढचा अध्यक्ष बीजभाषणातूनच पुढे आणतात. अधिवेशनाला जमलेले हजारो प्रतिनिधी देशातला उत्तम वक्ता निवडतात, तिथे समाज, प्रदेश, बाई-पुरुष असली गणितं चालत नाहीत. आणि असं एक भाषण अख्खी निवडणूक फिरवतं. शेवटी बहुधा आपल्याकडच्या पक्षांना चार शब्द सुनावलेले असतात.

ओबामांचं ते भाषण मलाही आवडतं, अजूनही अधूनमधून ऐकतो. पण त्याच्याभोवती रचलेली ही गोष्ट जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर चुकीची आहे. राजकारणात यायची इच्छा असलेली तरुण मुलं ती वाचतात आणि खरी मानतात, म्हणून एकेक दावा घेऊन उत्तर द्यावंसं वाटलं.

पहिला दावा, बीजभाषण करणारा पुढे अध्यक्ष होतो. गेल्या शंभर वर्षांत हे नेमकं एकदा घडलं आहे, आणि ते एकदा म्हणजे ओबामाच. त्याआधीचं उदाहरण वॉरन हार्डिंग यांचं. १९१६ साली शिकागोला रिपब्लिकन अधिवेशनात त्यांनी बीजभाषण केलं आणि १९२० मध्ये ते अध्यक्षपदी निवडून आले. या दोघांच्या मधल्या काळात आणि ओबामांनंतर त्या जागी कोण कोण उभं राहिलं, ते पाहायला हवं.

१९४० साली रिपब्लिकनांनी मिनेसोटाचे गव्हर्नर हॅरॉल्ड स्टासेन यांना निवडलं. त्यांचं वय तेव्हा ३३ होतं आणि अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार अध्यक्ष व्हायला किमान ३५ वर्षं पूर्ण लागतात. पुढे स्टासेन यांनी आयुष्यभर पुन्हा पुन्हा उमेदवारीसाठी प्रयत्न केले, ती कधीच मिळाली नाही. १९५२ साली शिकागोला जनरल डग्लस मॅकआर्थर बोलले. त्यांचा स्वतःचा डोळा उमेदवारीवर होता, पण अधिवेशनाने निवडलं दुसऱ्याच जनरलला, आयझेनहॉवर यांना. १९६० मध्ये डेमोक्रॅटिक व्यासपीठावर आयडाहोचे तरुण सिनेटर फ्रँक चर्च होते. १९७६ साली ते अध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरले आणि जिमी कार्टर यांच्याकडून मागे पडले. त्याच १९७६ मध्ये बीजभाषण करणाऱ्यांत अंतराळवीर जॉन ग्लेन होते. उपाध्यक्षपदासाठी त्यांचं नाव चर्चेत होतं, पण भाषण पडलं आणि कार्टर यांनी वॉल्टर मोंडेल यांना घेतलं.

न्यूयॉर्कचे गव्हर्नर मारिओ क्युओमो यांचं १९८४ चं सॅन फ्रान्सिस्कोचं भाषण अमेरिकेतल्या सर्वोत्तम राजकीय भाषणांत गणलं जातं. तेव्हाचे अध्यक्ष रेगन अमेरिकेला ‘टेकडीवरचं झळाळतं शहर’ म्हणत, त्याला क्युओमोंनी दोन शहरांच्या गोष्टीने उत्तर दिलं. झळाळी फक्त एका शहरात आहे, दुसऱ्यात माणसं कशीबशी दिवस काढताहेत, असा त्याचा गाभा. त्या रात्रीपासून लोक क्युओमोंना अध्यक्षपदासाठी उभं राहा म्हणत होते. डिसेंबर १९९१ मध्ये न्यू हॅम्पशरला अर्ज भरायला नेणारं विमान आल्बनीच्या विमानतळावर तयार होतं, आणि क्युओमोंनी जाहीर केलं की आपण लढणार नाही. १९९२ चे बिल ब्रॅडली, २०१२ चे हुलियान कास्त्रो आणि ख्रिस ख्रिस्ती, २०१६ च्या एलिझाबेथ वॉरन, हे सगळे पुढे शर्यतीत उतरले. पक्षाची उमेदवारी त्यांच्यातल्या एकालाही मिळाली नाही.

एक अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवा, तो अ‍ॅल्बेन बार्कली यांचा. १९४८ च्या उन्हाळ्यात डेमोक्रॅटिक पक्ष मरगळलेला होता, अध्यक्ष ट्रुमन निवडणूक हरणार असं सगळे धरून चालले होते. सत्तरीतल्या बार्कलींनी फिलाडेल्फियात भाषण केलं, सभागृह उठून उभं राहिलं, आणि त्यातूनच त्यांच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवारीला जोर चढला. ते उपाध्यक्ष झालेही. भाषणाने माणसाला थेट काही मिळवून दिल्याचं याहून स्वच्छ उदाहरण मला दिसत नाही. पण तेही अध्यक्षपद नव्हे.

दुसरा दावा, बीजभाषण कोण करणार हे प्रतिनिधी ठरवतात. इथे अर्धवट सत्य आहे आणि ते समजून घेण्यासारखं आहे. पूर्वी बीजभाषण हे अधिवेशनाच्या तात्पुरत्या अध्यक्षाचं काम असे. त्याचं नाव पक्षाची राष्ट्रीय समिती सुचवायची आणि वाद झाला तर प्रतिनिधी खरोखरच मतदान करायचे. सगळ्यात गाजलेलं मतदान जून १९१२ मध्ये शिकागोला झालं. रिपब्लिकन पक्ष तेव्हा अध्यक्ष टाफ्ट आणि माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यात फाटला होता. टाफ्ट यांच्या बाजूने एलिहू रूट, तर रूझवेल्ट यांच्या गोटाने पाठिंबा दिलेले विस्कॉन्सिनचे गव्हर्नर फ्रान्सिस मॅकगव्हर्न. रूट ५५८ विरुद्ध ५०२ असे जिंकले. यात वक्तृत्वाचा संबंध नव्हता. शेकडो प्रतिनिधींच्या जागांबद्दल तंटे चालू होते आणि त्या वेळी खुर्चीत कोण बसलेला असेल, हा खरा प्रश्न होता. ते मतदान हरले तेव्हाच रूझवेल्ट यांची बाजी हातची गेली. ते बाहेर पडले, नवा पक्ष काढला, मतं फुटली आणि निवडून आले डेमोक्रॅटिक पक्षाचे वुड्रो विल्सन. प्रतिनिधी मत द्यायचे तेव्हाही मत गटाला पडायचं.

आता तर तेही उरलेलं नाही. १९६८ नंतर नियम बदलले आणि राज्याराज्यांतल्या प्रायमरी, म्हणजे पक्षांतर्गत निवडणुकांमधूनच उमेदवार ठरू लागला. अधिवेशन भरतं तेव्हा नाव पक्कं झालेलं असतं. चार दिवसांचा सगळा कार्यक्रम उमेदवाराच्या प्रचारयंत्रणेच्या हातात असतो. कोण कोणत्या रात्री बोलणार, किती मिनिटं, कुणाच्या आधी, हे तेच ठरवतात, आणि भाषणाचा मसुदाही आधी त्यांच्या नजरेखालून जातो. २००४ मध्ये ओबामांची निवड पक्षाचे त्या वर्षीचे उमेदवार जॉन केरी यांच्या प्रचारप्रमुख मेरी बेथ केहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. सभागृहात बसलेल्या प्रतिनिधींना कुणी विचारलं नव्हतं. २०२० साली करोनामुळे अधिवेशन पडद्यावर आलं तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाने बीजभाषण १७ जणांमध्ये वाटून टाकलं, प्रत्येकाच्या वाट्याला दोनचार वाक्यं.

तिसरा दावा मला सगळ्यात खटकतो: फक्त गुणवत्ता पाहतात, गणितं नसतात. बीजभाषणाच्या जागेइतकी मोजूनमापून भरलेली जागा त्या अधिवेशनात क्वचितच दुसरी असेल. उमेदवारात जे कमी आहे ते तिथून भरून काढायचं, अशी ती रीत आहे.

१९८४ च्या जुलैत डेमोक्रॅटिक पक्षाने जेराल्डिन फेरारो यांना उपाध्यक्षपदाची उमेदवारी दिली, मोठ्या पक्षाच्या तिकिटावरची ती पहिली स्त्री. पुढच्याच महिन्यात डॅलसला रिपब्लिकनांनी बीजभाषणासाठी कॅथरीन ऑर्तेगा यांना आणलं. त्या कोषागारात होत्या, डॉलरच्या नोटांवर त्यांची सही असे. स्त्री, आणि हिस्पॅनिक समाजातली. १९९६ मध्ये रिपब्लिकन उमेदवार बॉब डोल ७३ वर्षांचे होते, तर बीजभाषणाला आल्या ३८ वर्षांच्या सुझन मोलिनारी, न्यूयॉर्कच्या, आणि गर्भपाताच्या प्रश्नावर पक्षाच्या अधिकृत भूमिकेपेक्षा मवाळ. १९८८ मध्ये रिपब्लिकन उमेदवार, धाकटे नव्हे, थोरले बुश टेक्ससचे म्हणून मिरवत होते, तर डेमोक्रॅटिक पक्षाने टेक्ससच्याच अ‍ॅन रिचर्ड्स यांना त्यांच्यावर सोडलं. आपल्याकडे सभेत कोण कुणाआधी बोललं यावरून लोक जसं पक्षातलं वारं ओळखतात, तसंच हे आहे.

सगळ्यात बोलका माणूस झेल मिलर. १९९२ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या तीन बीजभाषकांपैकी ते एक होते, तेव्हा जॉर्जियाचे गव्हर्नर. २००४ साली त्याच सभागृहात रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन भरलं आणि बीजभाषण केलं त्याच झेल मिलर यांनी, तेव्हाही डेमोक्रॅटिक सिनेटर असताना. त्यांच्याच पक्षाच्या केरींवर ते तुटून पडले. ७२ वर्षांच्या, दुसऱ्या पक्षाच्या, निवृत्तीला टेकलेल्या माणसाला कुणी वारसदार म्हणून उभं करत नाही. केरींना त्यांच्याच घरचा माणूस नावं ठेवतो आहे, हे दाखवायचं होतं.

ओबामांच्या निवडीतही हिशेब होता. इलिनॉयची सिनेटची जागा रिपब्लिकनांकडून खेचून घेता येईल अशी होती आणि ओबामा तिथले उमेदवार होते. काळ्या मतदारांमध्ये केरींबद्दल उत्साह कमी होता. शिवाय विचारात असलेल्या नावांमध्ये मिशिगनच्या गव्हर्नर जेनिफर ग्रॅनहोम होत्या. त्यांचा जन्म कॅनडातला. अमेरिकेचा अध्यक्ष जन्माने नागरिक असावा लागतो, त्यामुळे त्या कधीच अध्यक्ष होऊ शकल्या नसत्या. पक्ष पुढचा अध्यक्ष शोधत असता तर हे नाव यादीत आलंच नसतं. (आपल्या चिकोडीत जन्मलेले, मिशिगनमधून प्रतिनिधीगृहात गेलेले श्री ठाणेदार ‘उद्याचे अध्यक्ष’ असं लिहिणाऱ्यांनीही हा नियम वाचावा.)

अशा गणितांत मला वाईट काही वाटत नाही. पक्षाने कुणाला जवळ करायचं आहे हे मंचावरून दाखवणं हे राजकारणाचं कामच आहे. पण ते तिथे होतं हे लपवून आपल्याकडच्या गणितांना तेवढं हीन ठरवणं बरोबर नाही.

भाषणाने निवडणूक फिरते, या चौथ्या दाव्याला आकडे पुरेसे आहेत. क्युओमोंच्या भाषणानंतर पक्षाचे उमेदवार मोंडेल ५० पैकी ४९ राज्यं हरले. अ‍ॅन रिचर्ड्स यांच्या भाषणाला खच्चून हशा आणि टाळ्या मिळाल्या, पण त्यांचे उमेदवार डुकाकिस दहा राज्यांवर थांबले. ओबामांच्या भाषणानंतर केरी हरले.

राहता राहिले स्वतः ओबामा. २७ जुलै २००४ ची ती रात्र मंगळवारची होती, आणि एबीसी, सीबीएस, एनबीसी या तिन्ही मोठ्या वाहिन्यांनी त्या रात्री अधिवेशन दाखवलंच नाही. ‘अख्ख्या देशाने एका रात्रीत पाहिलं’ हे नंतरच्या आठवणीने घातलेलं आहे. आणि त्या रात्रीआधी काय होतं? २००० साली प्रतिनिधीगृहाच्या प्रायमरीत बॉबी रश यांच्याकडून सपाटून मार. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या अधिवेशनाला ते गेले तेव्हा भाड्याच्या गाडीसाठी त्यांचं क्रेडिट कार्ड चाललं नाही, सभागृहात शिरायचा पासही मिळाला नाही, हे त्यांनी स्वतः सांगितलं आहे. ऑक्टोबर २००२ मध्ये, लोकभावना युद्धाच्या बाजूने असताना, शिकागोच्या चौकात इराकच्या युद्धाविरुद्ध त्यांनी भाषण केलं. २००८ च्या प्रायमरीत हिलरी क्लिंटन यांच्यासमोर त्यांना खरा आधार मिळाला तो या भूमिकेचा, कारण हिलरींनी सिनेटमध्ये युद्धाच्या बाजूने मत दिलं होतं. आणि मार्च २००४ मध्ये, बोस्टनच्या चार महिने आधी, सात उमेदवारांच्या प्रायमरीत निम्म्याहून जास्त मतं घेऊन ते जिंकले होते. ती प्रायमरी हरले असते तर केहिल यांच्या यादीत त्यांचं नाव कुठून आलं असतं? पुढे आयोवात गावोगावी कार्यकर्त्यांनी महिनोन्महिने दारं ठोठावली तेव्हा कुठे ३ जानेवारी २००८ चा विजय मिळाला. भाषणाने त्यांची देशाला ओळख करून दिली, हे मी मान्य करतो. त्याच्या अलीकडची आणि पलीकडची आठ वर्षं मजकुरातून गाळलेली असतात.

बीजभाषण कशासाठी असतं हे मला विचाराल तर मी बार्बरा जॉर्डन यांचं नाव घेईन. ह्यूस्टनच्या, दक्षिणेतून प्रतिनिधीगृहात गेलेल्या काळ्या वकील बाई. १९७६ साली मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, ग्लेन यांच्यानंतर त्या उभ्या राहिल्या. पक्षाचं पहिलं अधिवेशन भरलं त्याला १४४ वर्षं झाली, म्हणाल्या, तेव्हापासून आजवर बरंच काही तसंच चालत आलंय, पण आज एक गोष्ट वेगळी आहे: बीजभाषण मी करते आहे. सभागृह बराच वेळ शांत झालं नाही. त्या कधी अध्यक्षपदाला उभ्या राहिल्या नाहीत. तीन वर्षांनी काँग्रेस सोडून ऑस्टिनला विद्यापीठात शिकवू लागल्या. मज्जासंस्थेच्या आजाराने हळूहळू चालणं बंद झालं. १९९२ साली पक्षाने त्यांना पुन्हा बीजभाषणाला बोलावलं, सभागृह तेच. या वेळी त्या चाकाच्या खुर्चीतून आल्या, आवाज मात्र सोळा वर्षांपूर्वीचाच होता.