‘कार्ड आहे, कायदा आहे, घर मुलांच्या नावावर करा’: या मेसेजवर विसंबू नका

ज्येष्ठ नागरिक संघांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला सरकारचं पाच लाखांचं कार्ड आहे. उरलेलं मेडिक्लेममधून निघतं. मुलांनी सांभाळलं नाही तर कायदा त्यांना भाग पाडतो. अगदीच वेळ आली तर वृद्धाश्रम आहेत. तेव्हा म्हातारपणासाठी पैसा अडकवून ठेवू नका, घर आत्ताच मुलांच्या नावावर करा आणि निर्धास्त राहा.

यातली प्रत्येक गोष्ट अर्धी खरी आहे, म्हणूनच मला या मेसेजची धास्ती वाटते. असं वाचून लोक खरोखर रजिस्ट्रार ऑफिसात जाऊन सह्या करतात.

आधी कार्डाचं बघू. ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड २९ ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागलं. वय सत्तर पूर्ण असलं की पुरे, उत्पन्नाची अट नाही. योजना चांगली आहे आणि ज्यांनी कार्ड काढलं नसेल त्यांनी आधार घेऊन जाऊन जरूर काढावं. पण पाच लाख माणशी नाहीत. घरातल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांना मिळून वर्षाला पाच लाख, म्हणजे आजी-आजोबा दोघंही सत्तरीपुढचे असतील तर दोघांत एवढेच. रुग्णालय योजनेतलं असायला हवं. केंद्र सरकारी कर्मचारी-निवृत्तांची सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस ही आरोग्य योजना असणाऱ्यांना दोन्हींपैकी एकच निवडावी लागते. आणि मुख्य म्हणजे हे पैसे दाखल होऊन घेतलेल्या उपचारांचे आहेत. घरी सोडल्यानंतर १५ दिवसांपर्यंतचा पाठपुरावा त्यात धरतात, त्यापुढचं ज्याचं त्यानं बघायचं.

त्यापुढचं म्हणजे काय? आमच्या इमारतीतल्या एक काकू बाथरूममध्ये घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन कॅशलेस झालं, घरच्यांना खिशातून जवळजवळ काही घालावं लागलं नाही. डिस्चार्जच्या दिवशी सिस्टरनं मुलाला समजावलं की दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचांखाली उशी ठेवायची, पाठीवर लाल चट्टा दिसला तर लगेच कळवायचं. खर्च खरा सुरू झाला तो घरी आल्यावर. वरखाली होणारा बेड आणि हवेची गादी भाड्यानं, कमोडची खुर्ची, वॉकर, डायपर, अंडरपॅड, घरी येणारा फिजिओ. घरी मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोतून दिवसपाळीच्या एक मावशी आल्या आणि आठवड्याभरात रात्रीसाठी दुसऱ्या लावाव्या लागल्या, कारण मुलगा-सून दोघंही नोकरीला आणि रात्रभर जागून सकाळी साडेसातची बस पकडणं दोघांनाही झेपेना. ब्युरोची नोंदणी फी वेगळी. मावशी गावी गेल्या की बदली बाईचे जादा पैसे वेगळे. यातला एकही रुपया कार्डातून निघत नाही.

मेडिक्लेमनं निघेल, असं मेसेज म्हणतो. निघत नाही. नेहमीच्या पॉलिसीचा पाया हॉस्पिटलातला मुक्काम हाच आहे, आणि मुक्कामातसुद्धा अटेंडंटचे पैसे आणि डायपर ‘देय नाही’ या यादीत असतात. पॉलिसी घेऊ नका असं मी मुळीच म्हणत नाही. १ एप्रिल २०२४ पासून नवी पॉलिसी घ्यायला असलेली ६५ वर्षांची आडकाठी गेली, जुन्या आजारांसाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांवर आली आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा जीएसटीही उठला. परवडत असेल तर जरूर घ्या.

पण स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचा विचार करा. त्याला दाखल करावं असं काही झालेलंच नसतं. रक्तदाब ठीक, साखर ठीक, जेवणखाण ठीक. मात्र गॅस चालू राहतो, दार उघडून ते रस्त्यावर चालू लागतात, संध्याकाळ झाली की ‘मला घरी जायचंय’ म्हणून कासावीस होतात. त्यांच्याजवळ चोवीस तास कुणीतरी लागतं आणि तेही वर्षानुवर्षं. या साऱ्या काळात क्लेम करता येईल असं एकही बिल तयार होत नाही. भारतातल्या म्हातारपणाचा सर्वांत लांब आणि सर्वांत महाग पडणारा भाग हाच आहे, आणि मेसेजमध्ये त्याचा उल्लेखसुद्धा नाही.

आता कायदा. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ आणि कल्याण यासाठीचा कायदा २००७ चा आहे. अर्ज प्रांताधिकाऱ्यांसमोरच्या न्यायाधिकरणात करायचा. मुलगा, मुलगी, सज्ञान नातवंडं यांच्यावर जबाबदारी येते. निकाल ९० दिवसांत द्यायचा, अपवादात्मक परिस्थितीत आणखी ३० दिवस. हा कायदा अनेकांना उपयोगी पडलाय. पण त्यात निर्वाह भत्त्याची कमाल मर्यादा महिना १० हजार रुपये लिहिलेली आहे. ती काढायचं विधेयक २०१९ मध्ये संसदेत मांडलं गेलं, पण मंजूर झालं नाही. दहा हजारांत ब्युरोची एक पाळीसुद्धा भागत नाही. शिवाय प्रांतसाहेब पैसे द्यायला लावू शकतात, रात्री उठून आईची कूस बदलायला कुणाला लावू शकत नाहीत.

मेसेजमधला सर्वांत धोक्याचा सल्ला घराचा आहे. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला किंवा मुलीला बक्षीसपत्रानं द्यायला मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. इतक्या स्वस्तात काम होतंय म्हटल्यावर ‘करून टाकू’ असंच वाटतं. ‘सांभाळलं नाही तर परत घेता येतं’ असंही मेसेजमध्ये असतं. आधार आहे याच कायद्यातल्या कलम २३ चा. ते कलम लागू होतं ते ‘माझ्या मूलभूत गरजा पुरवशील’ या अटीवर घर दिलेलं असेल तेव्हा. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका आईच्या प्रकरणात अशी अट दाखवता आली नाही म्हणून हस्तांतरण रद्द करण्याचा खालचा आदेश फिरवला. जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात मुलानं सांभाळण्याचं लिहून दिलेलं होतं, तिथे त्याच न्यायालयानं बक्षीसपत्र रद्द करून आईला ताबा द्यायला सांगितलं. दोन्ही आयांना दिल्लीपर्यंत जावं लागलं. द्यायचंच असेल तर सांभाळण्याची अट आणि तहहयात राहण्याचा हक्क बक्षीसपत्रातच स्पष्ट लिहून घ्या.

माझं मत विचाराल तर देऊच नका. मृत्युपत्र करा. त्याला स्टॅम्प लागत नाही, साधा कागद आणि दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी सक्तीची नसली तरी केलेली बरी, आणि मन बदललं तर तेही बदलता येतं. मुलांवर अविश्वास म्हणून हे सांगत नाहीये. मुलगा चांगलाच असतो, पण त्याची नोकरी जाते, घटस्फोट होतो, आपल्याआधी त्याचंच काही बरंवाईट होतं. तेव्हा घर आपल्या नावावर असेल तर ते भाड्यानं देता येतं, विकून लहान घर घेता येतं, किंवा साठीनंतर बँकेकडे तारण ठेवून, त्यातच राहून, दरमहा रक्कम घेता येते. या रिव्हर्स मॉर्गेजचे नियम नॅशनल हाउसिंग बँकेनं घालून दिलेत. आपल्याकडे ते फारसं कुणी वापरत नाही, पण नावावर घरच नसेल तर तो रस्ता मुळातच बंद.

वृद्धाश्रमांबद्दलचा समज तर चौकशीचे चार फोन केले की गळून पडतो. कमी शुल्क घेणाऱ्या धर्मादाय संस्थांपैकी बहुतेकांची पहिली अट असते की माणूस हिंडता-फिरता, स्वतःचं स्वतः करणारा हवा. अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला घेणाऱ्या जागा थोड्या, त्यांना प्रतीक्षायादी असते, महिन्याचे पैसे जास्त आणि वर डिपॉझिट. म्हणून जागा बघायची ती हात-पाय चालू असताना. तिथे तीनच प्रश्न विचारा: पुढे मी अंथरुणाला खिळलो तर ठेवाल का, रात्री किती जणांमागे किती मदतनीस असतात, आणि हॉस्पिटलात न्यायची वेळ आली तर कोण नेतं.

मग पैसा आणायचा कुठून? वेगळा ठेवूनच. पोस्टाच्या किंवा बँकेच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. ८.२ टक्के दरानं पूर्ण रकमेवर तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याला साडेवीस हजार मिळतात. पती-पत्नी दोघांची वेगवेगळी खाती असू शकतात. एका पाळीच्या मावशींचा पगार यातून निघू शकतो, म्हणूनच मुलाच्या फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी हे पैसे मोडू नका असं मी परतपरत सांगते.

ज्यांच्याकडे तीस हजारसुद्धा साठलेले नाहीत त्यांच्यासाठी हा हिशेब नाही, हे मला ठाऊक आहे. त्यांच्यासाठी श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० आणि वयोश्री योजनेचे चष्मा, काठी, श्रवणयंत्र वगैरेंसाठी एकदाच ३,००० रुपये आहेत. छळ होत असेल किंवा घराबाहेर काढलं असेल तर १४५६७ हा एल्डरलाइनचा क्रमांक विनामूल्य आहे. त्याच २००७ च्या कायद्याच्या कलम १९ मध्ये निराधार ज्येष्ठांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० जणांची सोय असलेलं सरकारी वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद आहे, पण ती राज्यावर बंधनकारक नाही. ती बंधनकारक करा, आणि दहा हजारांची मर्यादा काढा, ही निवेदनं आपल्या संघांकडून आमदार-खासदारांकडे जायला हवीत.