वसंत देसाई म्हणजे शांतारामांची सावली? एकदा ‘गूँज उठी शहनाई’ ऐका

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक मजकूर सध्या जोरात फिरतोय. चित्रपटात शास्त्रीय संगीत आणलं ते संगीतकार नौशाद यांनी, संगीतकार वसंत देसाई ही नुसती दिग्दर्शक शांतारामबापूंची सावली, आपल्या इंदूरच्या गायक अमीर खाँसाहेबांचं सोनं केलं तेही नौशादनीच, असं त्यात ठासून सांगितलंय. वर पुरावा काय, तर मध्य प्रदेश सरकारचा पहिला लता मंगेशकर सन्मान नौशादना मिळाला, देसाईंना कधीच नाही.

आधी हा पुरावाच बघू. सन्मान सुरू झाला १९८४ साली. देसाई २२ डिसेंबर १९७५ रोजी लिफ्टच्या अपघातात गेले. मग तुलना कसली करता?

आता ‘सावली’. ‘शकुंतला’, ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’, ‘अमर भूपाळी’, ‘झनक झनक पायल बाजे’, ‘दो आँखें बारह हाथ’ ही देसाईंनी शांतारामांसाठी केलेली कामं मोठीच आहेत. पण १९५३ चा ‘श्यामची आई’ अत्र्यांचा, आणि संगीत देसाईंचं. १९५९ साली शांतारामांनी ‘नवरंग’ सी. रामचंद्रांकडे दिला आणि त्याच वर्षी देसाईंनी विजय भट्ट यांच्यासाठी ‘गूँज उठी शहनाई’ केला. पुढे हृषीकेश मुखर्जींच्या ‘आशीर्वाद’मध्ये (१९६८) अशोक कुमारांकडून ‘रेलगाडी’ गाऊन घेतलं, आणि ‘गुड्डी’त (१९७१) वाणी जयराम यांच्याकडून मियाँ मल्हारातलं ‘बोले रे पपीहरा’. सावलीला हे जमत नाही.

खरी मेख अमीर खाँसाहेबांच्या मुद्द्यात आहे, आणि इंदूरकरांनी तरी तो कानांनी तपासायला हवा. विजय भट्ट यांनी दोघांकडूनही काम करून घेतलं: १९५२ चा ‘बैजू बावरा’ नौशादकडून, ‘गूँज’ देसाईंकडून. दिग्दर्शक तोच, गळाही तोच, अमीर खाँसाहेबांचा. याहून सरळ तुलना कुठे मिळणार?

‘बैजू’त भट्टना सामना हवा होता, तानसेन विरुद्ध बैजू. नौशादनी ‘आज गावत मन मेरो’साठी एकच राग घेतला, देसी. तानसेनासाठी अमीर खाँ, बैजूसाठी द. वि. पलुस्कर. राग एकच असल्यामुळे ऐकणाऱ्याचं लक्ष रागावर न राहता दोन गळ्यांवर जातं: खाँसाहेबांचा भारदस्त खर्ज, म्हणजे खालचा सूर, आणि पलुस्करांचा मोकळा, चढा आवाज. दोघांना वेगवेगळे राग दिले असते तर सामना उरलाच नसता.

‘गूँज’मध्ये दाखवायचा होता सरणारा काळ. देसाईंनी रागमाला, म्हणजे एकापाठोपाठ एक रागांची माळ, बांधली: भटियार, रामकली, देसी, शुद्ध सारंग, मुलतानी, यमन, बागेश्री, चंद्रकंस. क्रम नीट पाहा. पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र, अख्खा दिवस रागांच्या वेळांनी सरकतो. पडद्यावर घड्याळ दाखवायची गरजच नाही. देसी इथेही आहे, पण सकाळ सरत आल्याची खूण म्हणून. एकाच रागाचं एकाने रणांगण केलं, दुसऱ्याने प्रहर. यात उजवा-डावा कोण ठरवणार?

देसाईंच्या ‘झनक झनक’चं शीर्षकगीतही खाँसाहेबांचंच, अडाणा रागात. अडाणा दरबारी रागाचा जवळचा भाऊ; गंधार, धैवत, निषाद हे स्वर दोघांतही कोमल. पण दरबारी मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, रेंगाळतो, स्वर हळूच झुलवत आंदोलनं घेतो, तर अडाणा उत्तरांगात, म्हणजे सप्तकाच्या वरच्या अर्ध्यात, चपळ फिरतो. घुंगरांच्या चित्रपटाला दरबारीचं ओझं झालं असतं. उलट नौशादनी ‘बैजू’तल्या ‘ओ दुनिया के रखवाले’ला दरबारीच घेतला आणि शेवटी रफींना पार तारसप्तकात, सगळ्यात वरच्या सुरांत, नेलं. मंद्राचा राग तिथे फाटत जातो आणि बैजूचा आकांत उभा राहतो. नियमाबाहेरचं हे धाडस नौशादचंच, त्याला मनापासून दाद.

ऐकताना एक काळजी घ्या. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं बसत. त्यामुळे तबकडीवरून आलेलं गाणं आणि पडद्यावरचं गाणं यांत कापाकापी असू शकते. एकाची तबकडी आणि दुसऱ्याचा चित्रपट अशी तुलना लावली की हमखास चूक होते.

देसाईंना शांतारामांशी बांधतात तसं ‘नौशाद म्हणजे दिग्दर्शक मेहबूब’ म्हणणं, हेही अपुरंच. ‘अनमोल घडी’पासून ‘मदर इंडिया’पर्यंतची जोडी खरीच, पण ‘शारदा’, ‘शाहजहाँ’, ‘दुलारी’ कारदारांचे, ‘बाबुल’, ‘कोहिनूर’ एस. यू. सनींचे, आणि बडे गुलाम अली खाँ गायले ते के. आसिफ यांच्या ‘मुग़ल-ए-आज़म’मध्ये, सोहनी आणि रागेश्री. मजकूर पुढे पाठवण्याआधी ‘गूँज’मधली रागमाला एकदा भटियारपासून चंद्रकंसापर्यंत ऐका आणि लगेच ‘बैजू’तलं ‘आज गावत मन मेरो’ लावा.