‘मॉडेलचे कान पिळता’ या प्रतिक्रियेला उत्तर

पुलांच्या संगणकीय मॉडेलवरच्या माझ्या लेखाखाली ‘कृष्णाकाठ’ या टोपणनावाने कुणी लिहिलंय: ‘मोजमापाशी जुळेपर्यंत मॉडेलचे कान पिळायचे आणि त्याला कॅलिब्रेशन म्हणायचं. तेही एका दिवसाच्या मोजणीवर, तापमान न बघता. सांगलीचा १९२९ चा आयर्विन पूल मॉडेलशिवाय उभा आहे. खुर्चीतल्यांनी पूल शिकवू नयेत.’

खुर्चीतले? अहो साहेब, माझे वडील बांधकाम खात्यात मुकादम होते. सळई बांधायला मी कॉलेजात जायच्या आधी शिकलो. २०१९ ला आयर्विनपाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा मी सांगलीतच होतो, पुण्यात बसून बातम्या बघत नव्हतो. असो. लेख लांबला, एवढं मान्य.

आता ते ‘कान पिळणं’. पुलावर कंपमापक लावले की वर्दळीत तो सेकंदाला किती वेळा कंप पावतो ते कळतं. समजा, ही वारंवारिता मॉडेलपेक्षा ५ टक्के जास्त आली. ती स्टिफनेसच्या, म्हणजे पुलाच्या ताठपणाच्या, वर्गमुळाच्या प्रमाणात असते, म्हणजे स्टिफनेस साधारण १० टक्के वाढवायला हवा. कुठला वाढवणार? सगळा काँक्रीटच्या माथी मारला तरी गणित जुळतं, नवशिके तेच करतात. पण पुष्कळदा रोलर बेअरिंग, म्हणजे गर्डर (पुलाची मुख्य तुळई) ज्यावर टेकतो आणि सरकतो तो आधार, गंजून अडकलेलं असतं. ड्रॉइंगमध्ये सरकतं, जागेवर हलत नाही. ते बघायला गर्डरखाली उतरावं लागतं, खुर्चीतून दिसत नाही!

आणि दोन्हींत फरक कळतो. काँक्रीटचा स्टिफनेस सगळीकडे सारखा वाढवला तर साऱ्या वारंवारिता एकाच प्रमाणात चढतात. अडकलेल्या बेअरिंगने तसं होत नाही, काही चढतात, काही जागच्या हलत नाहीत. शिवाय भरलेला डंपर मधोमध उभा करून गर्डर किती वाकला ते मोजतो, पण तो आकडा जुळवणीत घेत नाही, पडताळणीसाठी बाजूला ठेवतो. पिळून आणलेलं मॉडेल तिथे उघडं पडतं. हे सगळं लेखात होतं. वाचायला हवं होतं.

आयर्विनचं म्हणाल, तर महाडचा सावित्रीवरचा जुना पूलही मॉडेलशिवायच उभा होता. २ ऑगस्ट २०१६ पर्यंत.

राहिलं तापमान. स्वित्झर्लंडच्या झेड-२४ पुलावर हिवाळ्यात डांबर गोठून वारंवारिता वाढली होती, मला ठाऊक आहे. सांगलीत डांबर गोठत नाही.

पुढच्या वेळी स्वतःच्या नावाने लिहा, मग सविस्तर बोलू.