पाडणाऱ्याला सूट, जपणाऱ्याला पट्टी

नवीन घर बांधायला कर्ज काढा, व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट. आजोबांच्या घराच्या दुरुस्तीसाठी काढा, ३० हजार. ही जुन्या कररचनेतली गोष्ट. नव्या कररचनेत राहत्या घराला दोन्हीकडे भोपळा. २०१४ च्या अर्थसंकल्पात पहिला आकडा दीडचा दोन लाख झाला, दुसऱ्याला कोणी हातही लावला नाही. मी तालुक्याच्या गावी बसून लोकांचे रिटर्न भरतो. हे दोन आकडे दिसले की दरवर्षी टाळकं सरकते. ३० हजार व्याज म्हणजे साधारण तीन लाखांचं कर्ज. तीन लाखांत आमच्याकडच्या वाड्याची मागची एक भिंत उभी होईल आणि राहिलेल्या पैशात कवेलू (कौलं) फेरून होतील, फार तर.

म्हणून ही पोस्ट. लांब आहे, आधीच सांगतो.

आमचा भाग वर्धा जिल्ह्यातला, म्हणजे जुन्या मालगुजारीचा, सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांचा. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, वाडे राहिले. पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंती, सागवानी खांब, वर कवेलू, पुढं ढेलज, म्हणजे देवडी. आमच्या गावच्या वाड्याला आज चौदा हिस्सेदार आहेत. त्यातले दोन गावात राहतात, बाकीचे नागपूर, पुणे, एक तर दुबईत. दुरुस्तीचा विषय निघाला की चौदाही जण एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. विकायचा विषय निघाला की मात्र फोन लवकर उचलतात.

गेल्या उन्हाळ्यात ढेलजेतले खांब गेले. घेणारा बाहेरगावचा, सोबत पिकअप. त्यानं खिळ्यानं खांबाची बारीक साल काढली, नाकाशी नेऊन हुंगली, मग टेप लावून घेर मोजला. वाड्यातले काकाजी त्याला नक्षी दाखवत होते. हा मोर पाहा, ही वेल पाहा. तो म्हणाला, "नक्षीचे वेगळे नाही लागत जी. लाकूड घनफुटानं." काकाजी जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ने बापू. पावसाळ्यात कोणाच्या डोक्यावर पडण्यापरीस बरं." खांब हलवला तसा खालचा तळखडा, म्हणजे खांबाखालचा दगड, उघडा पडला. मधोमध खोबण, तिच्या कडा इतक्या साफ, जशा काल टाकीनं काढल्या. तो तळखडाही त्यानं मागितला, फुकट. असे खांब मोठ्या शहराजवळच्या एखाद्या फार्महाऊसच्या दारात उभे राहतात, तेव्हा मात्र पैसे नक्षीचेच लागतात.

काकाजींना दोष देणाऱ्यांनी आधी ग्रामपंचायतीत जाऊन नमुना ८ चा, म्हणजे घरांच्या कर-आकारणीचा, उतारा काढावा. त्यात बांधकामाचा प्रकार असा रकाना असतो. झोपडी किंवा मातीचं, दगड-विटांचं पण जोडणी मातीची, जोडणी चुन्याची किंवा सिमेंटची, आणि आरसीसी. कोरीव सागवानाचा वाडा यात कुठं बसतो? मातीत. कुडाच्या झोपडीशेजारी. त्यात वयानुसार घसारा, म्हणजे जेवढा जुना तेवढी सरकारच्या हिशेबात किंमत कमी. घरपट्टी कमी लागते हे खरं, कोणाला नको असते? पण तुम्ही हौसेनं मागची बाजू पक्की केली, पुढच्या आकारणीत प्रकार बदलला, की पट्टी वाढली. पडू दिलं तर रिकाम्या जागेची पट्टी. म्हणजे घरमालकाला कायदा काय सांगतो? बसून राहा, पडेल आपोआप.

आयकरातही तेच. वाडा भाड्यानं दिला तर भाड्यातून सरसकट ३० टक्के वजा, मग तुम्ही एक कवेलू बदला की पूर्ण छप्पर. खर्च करणारा आणि न करणारा एकाच मापात. धंद्याची इमारत असेल तर किरकोळ दुरुस्ती खर्चात टाकता येते, मोठं काम काढलं की ते भांडवली, वर्षाला १० टक्के घसाऱ्यानं खात बसा. आणि गंमत पाहा. सरकारनं अधिसूचित केलेल्या ऐतिहासिक मंदिराच्या, मशिदीच्या दुरुस्तीला दान दिलं तर आयकरात सूट आहे. १९९६ पासून राष्ट्रीय संस्कृती निधी आहे, त्यातल्या देणगीलाही आहे. दुसऱ्याच्या जुन्या वास्तूला पैसे दिले तर पुण्य आणि सूट दोन्ही, स्वतःच्या वाड्याला लावले तर हौस म्हणायची.

सरकार स्वतःच्या स्मारकांनाही सोडत नाही. ऐतिहासिक स्मारकांच्या कामाच्या सरकारी कंत्राटावरचा जीएसटी जुलै २०२२ मध्ये १२ वरून १८ टक्के झाला. एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात, मधल्या मधे काम तेवढं कमी.

आता अमेरिकेचं. तिकडचं कौतुक करायला मी बसलो नाही, पण त्यांनी एक गोष्ट योग्य क्रमानं केली. १९६३ मध्ये न्यूयॉर्कचं पेन स्टेशन पाडायला घेतलं, लोक हळहळले, १९६६ मध्ये राष्ट्रीय जतन कायदा आला. पण करकायदा तोवर पाडणाऱ्याच्याच बाजूचा होता. पाडायचा खर्च वजा करता यायचा, नव्या इमारतीला झपाट्यानं घसारा मिळायचा. १९७६ मध्ये त्यांनी आधी ते बंद केलं. ऐतिहासिक इमारत पाडली तर खर्चाची वजावट नाही, जपली तर तो खर्च पाच वर्षांत वजा करा. सूट वाढवायच्या आधी पाडणाऱ्याचं बक्षीस काढून घेतलं. आज तिथं खर्चाच्या २० टक्के रक्कम थेट करातून कमी होते, २०१७ च्या कायद्यानंतर पाच वर्षांत विभागून. उत्पन्नातून वजावट वेगळी आणि करातूनच कपात वेगळी, हे माझ्या व्यवसायातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. अटी कडक आहेत. इमारत उत्पन्न देणारी हवी, राहतं घर चालत नाही. नुसता रंग मारून भागत नाही, खर्च इमारतीच्या हिशेबी किमतीपेक्षा जास्त हवा. आणि काम जुन्या रूपाला धरून झालं का, हे त्यांची नॅशनल पार्क सर्व्हिस तपासते.

मागे एका चर्चेत एक साहेब म्हणाले, हेच इथं आणा. साहेब, आणा, पण आमच्या गावात ते कोण वापरणार? शेतीचं उत्पन्न करमुक्त. काकाजींना आयकर शून्य. शून्य करातून २० टक्के कसे कापता? करसवलत ही कर भरणाऱ्याच्याच कामाची. जशीच्या तशी आणली तर ती नागपूरच्या सिव्हिल लाईन्समधल्या बंगल्याला मिळेल, त्याचं बुटिक हॉटेल होईल, आणि आमचे वाडे घनफुटानं जातील. अमेरिकेत मिसुरीसारख्या काही राज्यांनी यावर तोड काढली आहे. राज्याचं क्रेडिट, म्हणजे करातली ही कपात, विकता येते. ज्याला कर नाही तो आपलं क्रेडिट कर असणाऱ्या कंपनीला विकतो आणि रोख पैसा कामात घालतो. आपल्याकडे मुंबईत वारसा इमारतीच्या मालकाला टीडीआर, म्हणजे न वापरलेला बांधकामाचा हक्क, विकता येतो, ही त्याच जातीची गोष्ट. पण टीडीआरला शेजारी टॉवर बांधणारा बिल्डर लागतो. आमच्या गावात वरच्या हवेला गिऱ्हाईक नाही.

गावासाठी मला विचाराल तर पहिलं काम फुकटात होण्यासारखं आहे. नमुना ८ मध्ये जुन्या वास्तूचा वेगळा प्रकार घाला आणि जुन्या रूपात दुरुस्ती करणाऱ्याची पट्टी दहा वर्षं जिथं आहे तिथं ठेवा. ग्रामपंचायतीचं जे थोडं बुडते ते राज्यानं भरून द्यावं. दुसरं, आयकरातले ते ३० हजार २ लाखांच्या बरोबरीला आणा, आणि ज्याला करच नाही त्याला तेवढ्याच हिशेबाची रक्कम काम तपासून खात्यात द्या. अनुदान म्हणा, काही म्हणा. हिस्सेदारांचं काय, हा प्रश्न येणारच. आता स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोननं मोजणी होऊन मालकीच्या सनदा निघतायत. नाव कोणाकोणाचं, हद्द कुठवर, हे कागदावर येतेय. ज्या हिस्सेदारानं पैसा घातला त्याचा खर्च सनदेवर बोजा म्हणून चढू द्या, म्हणजे दुबईवाला विकायच्या वेळी ते पैसे आधी देईल. हे झालं नाही तर बाकी सगळ्या योजना कागदावर.

आणि कृपा करून 'वारसा' शब्दाची भीती घालू नका. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकाम बंद, त्यापुढं २०० मीटर परवानगीनं. २०१० चा नियम. हेतू चांगला असेल, पण चंद्रपुरात गोंडकालीन परकोटाच्या, म्हणजे तटबंदीच्या, आसपास राहणाऱ्याला विचारा. लोकांच्या मनात एकच बसलं आहे की पुरातत्त्ववाल्यांच्या नजरेत आलो की मेलो. त्याच परकोटाची झाडंझुडपं इको-प्रो या संस्थेच्या पोरांनी फुकट साफ केली, हेही लक्षात ठेवा. लोकांना जुनं नको असते असं नाही.

आता दुसरी बाजू, जिच्यावर कोणी बोलत नाही. जमीन.

१८६७ मध्ये रेल्वे नागपूरला आली, १८७० मध्ये खामगावला फाटा गेला, आणि रुळांच्या कडेनं जिनिंग-प्रेसिंग, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधणाऱ्या गिरण्या, उभ्या राहिल्या. अमेरिकेतल्या यादवीत वऱ्हाडच्या कापसाला भाव आला होताच. नागपुरात १८७७ मध्ये टाटांची एम्प्रेस मिल निघाली, २००२ मध्ये बंद पडली, आज तिथं मॉल आहे. शहरात निदान मॉल होतो. आमच्या स्टेशनजवळची जीन बंद पडली ती तशीच उभी आहे. विटांच्या कमानी अशा, की आजचा गवंडी पाहून डोक्याला हात लावेल. मधल्या काळात मालकानं आवार खत-औषधाच्या गोदामाला भाड्यानं दिलं. मुदत संपलेली औषधं, फुटलेले डबे मागच्या खड्ड्यात. छपराला सिमेंटचे पत्रे, म्हणजे ॲस्बेस्टॉस, अर्धे फुटलेले. आवारातल्या विहिरीचं पाणी कोणी बैलालाही पाजत नाही. एका तरुणानं ती जागा घेऊन डाळमिल टाकायचं ठरवलं होतं. माझ्याकडे हिशेब करायला आला. इमारतीची दुरुस्ती परवडत होती. पण माती तपासायची कोणी, काढलेली माती टाकायची कुठं, आणि जागा नावावर झाल्यावर उद्या कोणी नोटीस दिली तर जबाबदार कोण, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानं हायवेला चार एकर काळी कसदार जमीन घेतली. तिथं आता तूर नाही, शेड आहे.

जुनी इमारत आणि नासलेली जमीन बहुतेक वेळा एकाच कुंपणात असतात. म्हणून दोन्हीचा विचार एकत्र व्हायला हवा.

इंग्लंडमध्ये २००१ पासून सोय आहे. दूषित जमीन साफ करायला कंपनीनं १०० पौंड खर्च केले तर १५० वजा करता येतात. पण ज्या कंपनीनं ती जमीन स्वतः नासवली तिला ही सूट नाही. हीच अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ज्यानं घाण केली त्याच्याकडून वसूल करा, दुसऱ्याची घाण काढणाऱ्याला सूट द्या. ही रेघ पुसली की सवलत म्हणजे प्रदूषणाला बोनस. आणि हात सैल सोडला की काय होते तेही पाहा. न्यूयॉर्क राज्यानं २००३ मध्ये दूषित जागांसाठी करसवलत आणली, ती सफाईच्या खर्चावर होतीच, पण वर उभ्या राहणाऱ्या इमारतीच्या खर्चावरही होती. माती काढायला थोडे, टॉवरला जास्त. २००८ मध्ये त्यांना वरच्या बांधकामाच्या सवलतीला सफाईच्या खर्चाच्या पटीत मर्यादा घालावी लागली. आपल्याकडे तर असे हिशेब करणारे माझ्याच व्यवसायात बसले आहेत, म्हणून आधीच सांगतो.

केंद्रानं जुलै २०२५ मध्ये दूषित जागांचे नियम काढले. जिल्हा प्रशासनानं संशयित जागांची यादी करायची, प्रदूषण नियंत्रण मंडळानं तपासायची, दूषित करणाऱ्याकडून खर्च घ्यायचा. उशिरा का होईना, आलं. तोवर देशभरात अशा १०३ जागा नोंदल्या होत्या आणि प्रत्यक्ष सफाई सुरू होती ७ ठिकाणी. पण खाणकामामुळं झालेलं प्रदूषण या नियमांच्या बाहेर ठेवलं आहे. वणी, घुग्घूस, उमरेडच्या कोळसा खाणींजवळच्या लोकांनी काय करावं? ज्या चंद्रपूरला २००९ च्या प्रदूषित औद्योगिक भागांच्या केंद्रीय यादीत ८३.८८ गुण मिळून देशात चौथा नंबर आला होता, तिथला अर्धा प्रश्नच कोळशाचा. राखेचं म्हणाल तर जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळच्या खसाळ्याचा, वीज केंद्राच्या राखेचा बांध फुटला तेव्हा राख वावरांत आणि नदीत गेली. वावर खरवडायचा खर्च शेतकऱ्याच्या बोकांडी बसला तर त्याला कुठल्या करातून कापून मिळणार? त्याच्यासाठी भरपाई हवी, सवलत नव्हे. सवलतीच्या गप्पांत भरपाई गिळली जाऊ नये, एवढं ध्यानात असू द्या.

खाली कोणी तरी लिहीलच, शाळेच्या खोल्या गळतायत आणि तुम्हाला वाडे पडले. भाऊ, शाळेचे पैसे मागत नाही. आमच्या भागात शाळाही एखाद्या जुन्या वाड्यात, जीनच्या ऑफिसात भरू शकते, जागा तर गावठाणातच आहे. नवीन खोली बांधायला वावराचा तुकडा घ्यावा लागतो, तो खर्च कोणी मोजत नाही.

एक काम करा. आपल्या गावातल्या सगळ्यात जुन्या वास्तूचा नमुना ८ चा उतारा काढा आणि बांधकामाच्या प्रकारात काय लिहिलं आहे, पट्टी किती लागते, ते खाली लिहा. मालकाचं नाव झाकून. आर्वी, पुलगाव, हिंगणघाट, कारंजा, अचलपूरकडची मंडळी जास्त कामाची, तिकडे वाडेही आहेत आणि बंद जीनही. उतारे जमले की सगळे मिळून ग्रामविकास खात्याला निवेदन देऊ, मसुदा मी लिहितो. पट्टीचा हिशेब कोणाला कळला नाही तर फोटो टाका, समजावून सांगतो, फी नाही.