पंधराचा पाना

उद्या लेकीची ट्रॅक सायकलिंगची स्पर्धा आणि आज संध्याकाळी तिच्या लक्षात आलं की सायकलची चेन सैल पडलीय. मागच्या चाकाचे दोन नट ढिले करायचे, चाक जरासं मागे ओढायचं, नट आवळायचे. दोन मिनिटांचं काम. पण त्याला पंधराचा पाना लागतो, आणि आमचा पाना कोचसरांच्या गाडीत नि कोचसर लोणावळ्यात. म्हणून कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे गेलो. जरा पाना द्या, इथेच वापरून परत देते, एवढंच मागणं होतं.

त्याने पाना दिला नाही. सायकलकडे बघत विचारलं, "ब्रेक कुणी काढले?"

"काढले नाहीत. या सायकलला नसतातच."

"आणि फ्रीव्हील?"

"तेही नसतं. पेडल थांबवून नुसतं चाक पळू देणं हिला जमत नाही."

यावर त्याने हातातला पंक्चरचा ट्यूब बादलीत सोडला आणि कमरेवर हात ठेवले. तेवढ्यात हवा भरायला आलेले एक काका पुढे सरसावले. पांढरी टोपी, स्वच्छ इस्त्रीचा सदरा, आणि ज्यांना आयुष्यात कुणी "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारण्याची वेळच आली नाही, कारण त्यांनी ते आधीच सांगून टाकलेलं असतं, तशा चेहऱ्याचे.

"बिनब्रेकची सायकल? जगात कुठं असते?"

"ऑलिम्पिकमध्ये, काका."

"तिथं चालत असेल. इथं कात्रज चौक आहे."

मी सांगितलं की ही कात्रज चौकात जात नाही, कारच्या टपावर बसून ट्रॅकवर जाते. ट्रॅकवर सगळे एकमेकांच्या चाकाला चाक लावून पळतात, त्यात एकीने कचकन ब्रेक दाबला तर मागच्या सगळ्या अंगावर येतील, म्हणून नियमानेच ब्रेक लावायला बंदी. वेग कमी करायचा तर पायांनी पेडल मागे रेटायचं. काकांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे कंपनीनं पैसे वाचवले."

मग त्यांनी आपली पात्रता मांडली. मुंबई-पुणे सायकल शर्यत जोरात होती तेव्हा ते खंडाळ्याला रस्त्याच्या कडेला उभे राहून घाटाच्या राजाला, म्हणजे घाट सगळ्यांत आधी चढणाऱ्याला, पाणी पाजायचे. कोणत्या वर्षीच्या राजाला, हे वाक्यागणिक बदलत होतं. आणि त्या सगळ्या राजांच्या सायकलींना ब्रेक होते, हे त्यांनी स्वतः हात लावून पाहिलेलं होतं.

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं असं नवरा म्हणतो. पण मला चीड येते. या खेळासाठी मी जे सोसते ते मलाच ठाऊक. सकाळी सातला हजेरी आणि लेकीचा नंबर दुपारी. ट्रॅक म्हणजे सिमेंटची कढईच, तिच्या काठावर तापल्या पायरीवर बसायचं, डोक्यावर पत्राही नाही. एका हातात तिचं हेल्मेट, दुसऱ्या हातात केळी. मग ती येते, दोन फेऱ्या वर-वर चढत जाते, उतारावरून सुटते आणि शेवटचे दोनशे मीटर बारा-तेरा सेकंदांत संपवते. मी नेमकी तेव्हाच केळ्याचं साल टाकायला कचरापेटी शोधत असते. स्प्रिंट तर आणखी भारी. दोघी शर्यतीला उतरतात आणि चक्क थांबतात! जागच्या जागी, पाय न टेकवता, कारण पुढे जाईल तिच्या आडोशाने वारा चुकवत मागची पळणार. सासूबाईंनी व्हिडिओ बघून विचारलं, "भांडण झालं का गं दोघींचं?"

काकांना मी केइरिन नावाचा शर्यतीचा प्रकार सांगायचा प्रयत्न केला. जपानात 1948 पासून त्यावर पैसे लावतात, 2000 साली सिडनीत ऑलिम्पिकमध्ये आला, पुढे मोटारसायकल आणि मागे सगळे सायकलवाले, वेग ताशी पन्नासपर्यंत नेऊन मोटारसायकल बाजूला होते.

"मोटारसायकल आहे तर सायकल कशाला?" काका म्हणाले. याला उत्तर नाही.

तेवढ्यात त्यांनी प्रात्यक्षिकासाठी सायकल पुढे ढकलली. फ्रीव्हील नसलं की चाकाबरोबर पेडलही फिरतं. ते फिरलं आणि काकांच्या नडगीवर बसलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

सायकलवाला मात्र ठाम. "मॅडम, मिस्टरांना पाठवा. त्यांना समजावून सांगतो. साडेतीनशेत दोन्ही ब्रेक बसवतो, घंटी फुकट."

या मिस्टरांना गेल्या दिवाळीपर्यंत चेन आणि चेनगार्डमधला फरक माहीत नव्हता. ते फक्त टपावर सायकल बांधतात, आणि तीही मी परत बांधते. पण फोन मात्र त्यांनाच लावला गेला, स्पीकरवर. सायकलवाल्याने परिस्थिती सांगितली. पलीकडून जरा विचार करून आवाज आला, "नाही, ते सगळं तीच बघते... पण बसत असतील तर पुढचा एक बसवा ना, मलाही भीती वाटते."

मी फोन कापला. घरी त्यावर जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

या सगळ्यात लेकीने खोक्यातला पाना कधीच उचलला होता. ती उकिडवी बसून चाक ओढत होती. एका बोटाने चेन वर-खाली करून बघितली, जरा ताणली, आधी उजवा नट, मग डावा, पुन्हा उजवा. चाक फिरवून दोन्ही बाजूंनी सारखं बसलंय का ते डोळा बारीक करून पाहिलं. हे तिला मी शिकवलंय, स्वयंपाकघराच्या फरशीवर, वर्तमानपत्र पसरून, रात्री भांडी आवरल्यावर.

सायकलवाला खूश झाला. "मिस्टरांनी तयार केलंय हो पोरीला!"

काकांनी नडगी चोळत मान डोलावली. "बापाचं लक्ष असलं की असं."

मी किती झाले विचारलं. वीस रुपये, पान्याचं भाडं. काम आम्ही केलं, घाम आमचा, भाडं वीस रुपये. मी मुकाट्याने स्कॅन केलं आणि काउंटरवरच्या डबीने खणखणीत आवाजात अख्ख्या रस्त्याला सांगितलं की वीस रुपये प्राप्त झाले आहेत.