मालकाचं उत्तर: बॅग फाटकी नव्हती

नमस्कार साहेब,

आमच्या कयाक ट्रिपमध्ये (कयाक म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी होडी) ड्राय बॅगेत, म्हणजे पाणी आत न जाणाऱ्या पिशवीत, ठेवलेला तुमचा मोबाईल आणि भाड्याच्या गाडीची रिमोटवाली चावी भिजली, सुट्टीचा विचका झाला, याचं मला खरंच वाईट वाटतं. त्याबद्दल माफी मागतो. पण "फाटकी ड्राय बॅग दिली, कोणी काही सांगितलं नाही आणि नंतर हात वर केले" असं लिहून तुम्ही एकच तारा दिलात, त्यावर मला बोलायलाच हवं. नवीन पाहुणे आधी हेच वाचतात आणि मग फोन करायचा की नाही ते ठरवतात. पावसाळ्यात आमचं काम बंद असतं. घर चालतं ते सीझनवरच.

तुम्ही उशिरा आलात. बाकीचे पाहुणे गोव्यात चोपडे इथल्या शापोरा नदीच्या काठावर लाईफ जॅकेट घालून ताटकळले होते. तरीही बॅग कशी बंद करायची ते मी सगळ्यांसमोर करून दाखवलं. बॅग काठोकाठ भरायची नाही. दाबून आतली हवा काढायची, तोंडाच्या दोन्ही कडा जुळवायच्या, तीन-चार घट्ट वळ्या घालायच्या आणि मगच बकल लावायचं. पाणी अडतं ते वळ्यांमुळे. बकल फक्त वळ्या सुटू देत नाही. तुमची बॅग तर मी माझ्या हाताने बंद करून कयाकला हुकाने अडकवली होती. गाडीची चावी ऑफिसात ठेवा, असंही म्हणालो होतो. तुम्ही नको म्हणालात, तो तुमचा हक्क.

शिवोलीच्या पुलाजवळ फोटोसाठी बॅग तुम्ही उघडलीत. सोबतचा आमचा पोरगा शेजारच्या कयाकमधून ओरडून सांगत होता, काठाला लागल्यावर उघडा. फोटो झाल्यावर तुम्ही जेमतेम एक वळी घालून बकल लावलंत आणि बॅग हुकात न अडकवता पायांत ठेवलीत. मासेमारीची मोटरवाली होडी गेली, तिची लाट आडवी लागली आणि कयाक कलंडली. ओहोटीची ओढ होती, बॅग वाहत चालली होती. त्याच पोराने उडी मारून ती धरली. त्याच्याबद्दल तुमच्या रिव्ह्यूत एक शब्द नाही. मला सगळ्यात जास्त ते लागलं.

तुम्ही गेल्यावर तीच बॅग मी पाण्याने भरून व्हरांड्यात टांगून ठेवली. संध्याकाळी तळावर आणि जोडांवर कोरडं फडकं फिरवलं, फडक्याला ओल लागली नाही. बॅग इथेच आहे, कोणीही येऊन बघावी.

आता मोबाईलचं. काठावर आल्याबरोबर मी म्हणालो होतो, फोन बंद करा, गोड्या पाण्याच्या ओल्या कपड्याने पुसा आणि पूर्ण वाळेपर्यंत चार्जिंगला लावू नका. शापोरा नदी तिथून थोड्याच अंतरावर समुद्राला मिळते, त्यामुळे पाणी खारट. आत ते पाणी असताना चार्जर जोडला की शॉर्ट होतो. हॉटेलवर चार्जिंगला लावल्यावर फोन गेला, असं तुम्हीच लिहिलंय. आणि फोन वॉटरप्रूफ होता म्हणता, तर आयपी ६८ ची (फोन धूळ-पाण्यापासून किती सुरक्षित ते सांगणाऱ्या मानकाची) चाचणी गोड्या पाण्यात घेतात, खाऱ्या नाही. हे मी हात झटकायला सांगत नाही. पुढे येणाऱ्या कोणाचं तरी नुकसान टळावं म्हणून सांगतोय.

यापुढे बॅगांच्या बाबतीत आणखी काळजी घेऊ, सूचनांचा मोठा बोर्ड लावायचाही विचार आहे. फोनचा खर्च देणं मला झेपणार नाही. ट्रिपचे पैसे परत हवे असतील तर फोन करा, देतो. तारे तुम्हाला वाटतील तेवढे द्या, पण बॅग फाटकी होती हे वाक्य तेवढं कृपा करून काढा.